तांदूळ नसलेल्या चिठ्ठ्या

मंडळी, यावेळी जरा लांब जाऊ या, थेट ओसाकाला. विषय क्रिप्टोचा आहे, पण सुरुवात तांदळापासून करावी लागेल. थोडा धीर धरा.

शाळेत इतिहास शिकवताना जपान आमच्या वाट्याला दोन-तीनदाच यायचा. मेइजी काळातल्या सुधारणा, रशियाचा पराभव, आणि मग एकदम पर्ल हार्बर अन् हिरोशिमा. त्याच्या आधीचा जपान, म्हणजे शोगुनांचा, तास संपायच्या घाईत राहूनच जायचा. निवृत्त झाल्यावर तो मी सवडीने वाचला आणि त्यात मला ओसाकाचा दोजिमा नावाचा तांदूळबाजार सापडला.

त्या काळी तिथल्या सरंजामदारांचा महसूल तांदळात गोळा व्हायचा. सामुराईंचा पगारही तांदळातच. पण नुसत्या तांदळावर संसार चालत नाही. मीठ, तेल, कापड यांना रोकड लागते. म्हणून हे सरंजामदार आपला तांदूळ ओसाकाच्या कोठारांत पाठवत आणि तिथले व्यापारी तो विकत घेत. विकत घेतला म्हणजे पोती लगेच गाडीवर चढवली असं नाही. पैसे भरले की कोठारातून एक चिठ्ठी मिळायची, ही आणणाऱ्याला इतका तांदूळ द्यावा अशा अर्थाची. साधारणपणे एक चिठ्ठी दहा कोकूंची. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. आता चिठ्ठी हातात असताना पोती कशाला उचलायची? चिठ्ठीच विकून टाकायची. मग ती या हातातून त्या हातात फिरू लागली, तिचा भाव रोज वरखाली होऊ लागला, आणि शेवटी तर न आलेल्या पिकाचे सौदे होऊ लागले.

सरकारला हे आधी मुळीच पसंत नव्हतं. न पाहिलेल्या तांदळाचा सौदा म्हणजे जुगारच, असं म्हणून बंदीचे हुकूम निघत आणि चार दिवसांनी बाजार पुन्हा भरे. पुढे योशिमुने हा आठवा शोगुन आला. त्याच्या काळात तांदळाचा भाव घसरला आणि तांदळात पगार घेणारे सामुराई हवालदिल झाले. भाव सावरायचा तर बाजार हवाच, हे ओळखून १७३० साली दोजिमाच्या बाजाराला अधिकृत परवानगी मिळाली. या योशिमुनेला 'तांदूळ शोगुन' असंच नाव पडलं होतं.

मला खरी गोडी वाटली ती याच्या पुढच्या भागाची. सरंजामदार कायमचे कर्जात बुडालेले. हळूहळू असं होऊ लागलं की कोठारात तांदूळ हजार पोती आणि चिठ्ठ्या मात्र दोन हजार पोत्यांच्या. (आकडे माझे, समजावून सांगण्यापुरते. सवय जात नाही!) सगळे एकदम तांदूळ मागायला येत नाहीत तोवर कोणाला काय कळणार? अशा चिठ्ठ्यांना जपानी भाषेत रिकाम्या चिठ्ठ्या असंच म्हणत. १७६१ साली शोगुनच्या सरकारने हुकूम काढून त्या बंद केल्या. बाजार चालू राहिला, चिठ्ठ्यांचे सौदेही चालू राहिले. मनाई झाली ती तांदूळ नसताना चिठ्ठी लिहायला. हा फरक जरा लक्षात ठेवा, अडीचशे वर्षांनी आपल्याला तो लागणार आहे.

तर आता बिटकॉइन. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी नऊ पानांचा एक निबंध इंटरनेटवर टाकला. नाव जपानी, पण माणूस जपानी होता की नाही, एक होता की चार-पाच, हे आजवर उघड झालेलं नाही. कल्पना अशी की पैशांची खतावणी बँकेच्या कपाटात न ठेवता हजारो संगणकांवर उघडी ठेवायची. सगळ्यांना दिसते म्हणून कोणी खाडाखोड करू शकत नाही. त्या खतावणीतला आपला आकडा हलवायचा तर एक गुप्त किल्ली लागते, आणि ती किल्ली ज्याच्याकडे, मालक तोच. मध्ये बँक नको, सरकार नको.

ऐकायला छान आहे. पण किल्ली सांभाळणं हे सामान्य माणसाचं काम नाही. आम्ही कपाटाच्या किल्ल्या हरवतो, इथे तर चोवीस शब्दांची ओळ जपायची! मग लोकांनी काय केलं? खरेदीविक्रीची जी दुकानं निघाली, ज्यांना एक्स्चेंज म्हणतात, त्यांच्याकडेच नाणी ठेवून दिली. किल्ली दुकानदाराकडे, आणि आपल्या हाती मोबाइलच्या पडद्यावरचा एक आकडा. म्हणजे पुन्हा चिठ्ठीच की हो!

यातलं सर्वांत मोठं दुकान टोकियोत होतं, माउंट गॉक्स. डोंगरबिंगर काही नाही. एका अमेरिकन माणसाने पत्त्यांच्या एका खेळातले पत्ते विकायला ही जागा इंटरनेटवर घेतली होती. त्या खेळाच्या नावातली आद्याक्षरं जोडून 'गॉक्स' झालं. २०१० साली तिथे बिटकॉइनचा व्यवहार सुरू झाला आणि २०११ साली ते मार्क कार्पेलेस या टोकियोत राहणाऱ्या फ्रेंच तरुणाने घेतलं. २०१३ पर्यंत जगातल्या बिटकॉइनच्या व्यवहारांपैकी सुमारे सत्तर टक्के या एका दुकानातून होत होते.

७ फेब्रुवारी २०१४ ला त्यांनी नाणी काढून देणं थांबवलं. तांत्रिक अडचण आहे म्हणाले. लंडनहून एक माणूस विमानाने टोकियोला आला आणि आमचे पैसे कुठे आहेत असा फलक घेऊन त्यांच्या कचेरीबाहेर थंडीत उभा राहिला. २८ फेब्रुवारीला कंपनी न्यायालयात गेली. ग्राहकांची साडेसात लाख आणि स्वतःची एक लाख बिटकॉइन गेली, असं तिने सांगितलं. पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये दोन लाख सापडली. (आजीच्या डब्यात जुन्या नोटा सापडाव्यात तशी!) उरलेली साडेसहा लाख गेली ती गेलीच. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२३ साली दोन रशियन माणसांवरचे आरोप उघड केले, त्यात म्हटलंय की ही चोरी २०११ च्या सप्टेंबरपासून चालू होती. म्हणजे दोन-अडीच वर्षं कोठारातला तांदूळ कमी कमी होत होता आणि चिठ्ठ्या खुशाल फिरत होत्या.

आता सरकारची पंचाईत बघा. दाद मागायची कोणाकडे? बँकांवर देखरेख करणारी जपानची वित्तीय सेवा संस्था आहे, पण ही बँक नव्हती. अर्थखातं होतं, पण हे चलन नव्हतं. मार्च २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने लेखी उत्तर दिलं की बिटकॉइन हे चलन नाही आणि रोखाही नाही. ते काय आहे, हे मात्र कोणी सांगेना. क्योटोतल्या एका ग्राहकाने माझी नाणी मला परत द्या असा दावा लावला. ऑगस्ट २०१५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. जपानच्या दिवाणी कायद्यात 'वस्तू' म्हणजे जिला आकार आहे ती. बिटकॉइनला आकार नाही, म्हणून त्यावर वस्तूसारखी मालकी सांगता येत नाही! माझा पेन चोरीला गेला तर तो माझा. माझी आयुष्याची पुंजी गेली, तर ती माझी 'वस्तू' नव्हतीच. न्यायाधीशांचा दोष नाही, कायदा जुना होता. पण त्या क्योटोकराच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल, हे मनात येतंच.

इथून पुढे जपानने जे केलं ते मला शिकवण्याजोगं वाटतं. बंदी घालणं सोपं होतं, कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी आधी अभ्यासगट बसवला. जून २०१५ मध्ये मनी लाँडरिंगविरुद्ध काम करणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने अशा दुकानांची नोंदणी आणि ग्राहकांची ओळखतपासणी हवी, असं मार्गदर्शन दिलं. त्याचाही रेटा होता. मे २०१६ मध्ये पैशांच्या देवघेवीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. दुकान चालवायचं तर वित्तीय सेवा संस्थेकडे नोंदणी करा, किमान एक कोटी येन भांडवल दाखवा, ग्राहकाची ओळख पटवा, आणि ग्राहकाची नाणी व पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवा. सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस पहिल्या अकरा कंपन्यांची नोंदणी झाली.

पण कायद्याला एक फट ठेवली होती. जी दुकानं आधीपासून चालू होती त्यांना अर्ज विचाराधीन असेपर्यंत धंदा चालू ठेवायची मुभा होती. वर्गात प्रवेशाचा अर्ज दिलाय ना, मग बस बाकावर, असंच. कॉइनचेक ही त्यातली एक कंपनी. टीव्हीवर जाहिराती करत होती, तरुण पोरं धडाधड खाती उघडत होती. २६ जानेवारी २०१८ च्या पहाटे तिच्याकडची नेम नावाच्या क्रिप्टोची ५२ कोटींहून जास्त नाणी चोरीला गेली. किंमत सुमारे ५,८०० कोटी येन. ग्राहक सुमारे दोन लाख साठ हजार. नाणी इंटरनेटला जोडलेल्या वॉलेटमध्येच ठेवलेली होती. दिवसभराच्या गल्ल्यासारखी, तिजोरीत न टाकता!

यावेळी मात्र कोणाकडे जायचं हे ठरलेलं होतं. तीन दिवसांत सुधारणेचा आदेश निघाला, २ फेब्रुवारीला सरकारी तपासणीस कचेरीत जाऊन बसले. मार्चमध्ये कंपनीने ग्राहकांना एका नाण्यामागे ८८.५४९ येन या दराने भरपाई दिली, आणि एप्रिलमध्ये मोनेक्स या शेअरदलाली करणाऱ्या गटाने ती विकत घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात झाइफ या दुसऱ्या एक्स्चेंजमधून सुमारे ७०० कोटी येनची चोरी झाली, आणि ती चालवणारी कंपनी तर रीतसर नोंदणी झालेली होती. म्हणजे नुसत्या नोंदणीने भागत नाही हे कळून चुकलं.

मग २०१९ मध्ये कायदा पुन्हा बदलला, १ मे २०२० पासून लागू झाला. ग्राहकांची किमान ९५ टक्के नाणी इंटरनेटपासून तोडलेल्या ठिकाणी ठेवायची. उरलेली पाच टक्के जोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवली तर तितकीच, त्याच जातीची स्वतःची नाणी बाजूला काढून ठेवायची. ग्राहकांचे येन विश्वस्त संस्थेकडे. १७६१ चा हुकूम आठवला ना? मला तर वाचताना तोच ऐकू आला.

याच दुरुस्तीत नावही बदललं. आधी कायद्यात 'आभासी चलन' या अर्थाचा शब्द होता, तो जाऊन 'सांकेतिक मालमत्ता' या अर्थाचा शब्द आला. मार्च २०१८ मध्ये ब्वेनोस आइरेसला जमलेल्या जी-२० च्या अर्थमंत्र्यांनी म्हटलं होतं की यात सार्वभौम चलनाचे मुख्य गुण नाहीत, आणि 'क्रिप्टो मालमत्ता' हाच शब्द वापरला होता. भाषा शिकवलेल्या माणसाला हे फार भावतं. चलन म्हटलं की लोक विश्वास टाकतात, मालमत्ता म्हटलं की आधी कागद बघतात. आपल्याकडे वर्तमानपत्रांत अजून 'आभासी चलन' आणि 'कूटचलन' दोन्ही चालतं. आपल्या आयकर कायद्याने मात्र २०२२ पासून त्याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' म्हटलंय.

बाकीच्यांनी काय केलं ते झरझर सांगते. चीनने २०१३ साली बँकांना दूर राहायला सांगितलं, २०१७ मध्ये नव्या नाण्यांची विक्री बंद केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सगळे व्यवहारच बेकायदा ठरवले. न्यूयॉर्क राज्याने २०१५ मध्ये वेगळा परवाना काढला. एल साल्वादोरने २०२१ मध्ये बिटकॉइनला थेट कायदेशीर चलन केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये व्यापाऱ्यांवरची ते स्वीकारण्याची सक्ती काढून घेतली. युरोपीय संघाने सत्तावीस देशांसाठी मिळून एक कायदा केला, तो ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू झाला. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण लंगडी बाजू बहुतेकांची सारखीच: नाणी आहेत की नाहीत हे कोठारात जाऊन मोजणार कोण?

जपानच्या कायद्याची परीक्षा अचानक झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही बहामाजमधली बलाढ्य कंपनी कोसळली. तिची जपानी शाखा होती. दिवाळखोरीच्या आदल्याच दिवशी जपानच्या अधिकाऱ्यांनी शाखेचा धंदा थांबवला आणि मालमत्ता देशाबाहेर नेऊ नका असा आदेश दिला. ग्राहकांची नाणी वेगळी, तोडलेल्या वॉलेटमध्ये, येन विश्वस्ताकडे. २१ फेब्रुवारी २०२३ पासून जपानी ग्राहकांना आपली नाणी परत मिळू लागली. जगातल्या इतर ग्राहकांना पहिले पैसे मिळायला फेब्रुवारी २०२५ उजाडला, आणि तेही नोव्हेंबर २०२२ च्या पडलेल्या भावाने. एकच कंपनी, तोच मालक.

म्हणून जपानमध्ये चोऱ्या थांबल्या असं मात्र नाही. ३१ मे २०२४ ला डीएमएम बिटकॉइन या कंपनीतून ४,५०० हून जास्त बिटकॉइन गेली, सुमारे ४,८२० कोटी येनची. तपासयंत्रणांनी उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे बोट दाखवलं. कंपनीने आपल्या गटातून पैसे उभे करून ग्राहकांची नाणी भरून दिली, आणि डिसेंबरमध्ये खाती दुसऱ्या कंपनीकडे सोपवून दुकान बंद करायचं ठरवलं.

माउंट गॉक्सचं पुढे काय झालं ते राहिलंच. कार्पेलेस यांच्यावर खटला चालला. मार्च २०१९ मध्ये अपहाराच्या आरोपातून ते सुटले. शिक्षा झाली ती संगणकातल्या नोंदी फुगवल्याबद्दल, अडीच वर्षं, तीही स्थगित. म्हणजे नाणी नसताना आकडे लिहिल्याबद्दल! ग्राहकांचं दैव त्याहून विचित्र. दिवाळखोरीच्या नियमाने त्यांचं येणं २०१४ च्या भावाने, एका नाण्यामागे सुमारे पन्नास हजार येन, असं गोठवलं गेलं. तेवढ्यात बिटकॉइनचा भाव चढत चढत २०१७ च्या अखेरीस वीस लाख येनच्या आसपास गेला. सापडलेल्या दोन लाख नाण्यांत सगळ्यांचं देणं फिटून प्रचंड रक्कम उरणार होती, आणि नियमाप्रमाणे ती जाणार होती भागधारकांना, म्हणजे मुख्यतः कार्पेलेस यांच्याच कंपनीकडे. हे कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. धनकोंनी न्यायालयात धाव घेतली आणि जून २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीतून काढून पुनर्वसनाच्या कायद्याखाली आणलं गेलं, म्हणजे नाणी नाण्यांच्या रूपात परत देता येतील. प्रत्यक्ष वाटप जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. दहा वर्षं! मुदत मग दोनदा वाढवली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

आता आपल्याकडे येते, कारण माझ्या भाच्याने मला सरळच विचारलं, "आत्या, सरकार तीस टक्के कर घेतंय, म्हणजे मान्यता दिली असंच ना?" त्याचे काही पैसे अशाच एका एक्स्चेंजमध्ये आहेत. किती, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याला मी आपला इतिहास तारखांसह लिहून दिला. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये पहिला इशारा दिला. ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना अशा कंपन्यांशी व्यवहार करायला मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. रिझर्व्ह बँकेला अधिकार नाही असं न्यायालय म्हणालं नाही. झालेलं नुकसान न दाखवता एवढा कडक उपाय करणं प्रमाणाबाहेर आहे, असं म्हणालं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आला, जुलैपासून एक टक्का टीडीएस. मार्च २०२३ मध्ये या कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं, त्यामुळे ओळखतपासणी आणि नोंदणी सक्तीची झाली. ग्राहकाची नाणी वेगळी ठेवा, इतकी टक्के तिजोरीत टाका, असं जपानसारखं सांगणारा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे अजून झालेला नाही. कर हा नफ्यावर घेतला जातो. कोठारात तांदूळ आहे की नाही हे बघायला आयकर खातं जात नाही.

"मग चोरी झाली तर?" तो म्हणाला.

१८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली होती. ग्राहक आपल्या इथले, गावोगावचे. देणं कसं फेडायचं याची योजना मंजूर झाली ती सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण कंपनीची तिथली संस्थाच त्यासाठी पुढे आली होती. नाणी काढणं थांबलेलं. एक्स्चेंजवरचे व्यवहार पुन्हा सुरू झाले ऑक्टोबर २०२५ मध्ये, सव्वा वर्षाने.

हे वाचून त्याने आपल्या एक्स्चेंजला ईमेल केलं आहे. माझी नाणी कोणत्या देशातल्या कोणत्या कंपनीच्या नावावर आहेत, त्यातली किती इंटरनेटपासून तोडलेली आहेत, आणि कंपनी बुडाली तर माझं येणं कोणत्या तारखेच्या भावाने धरणार, असे तीन प्रश्न त्याने विचारले आहेत. पहिल्याचं उत्तर आलं. दुसऱ्यावर 'सुरक्षिततेला आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे' एवढंच आलंय.